चालू कारखान्यातून अर्धा कारखाना

भिलाईत वाढलेल्या मुलांना कारखाना म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. दल्ली-राजहराहून लोहखनिजाच्या वाघिणी येतात, नंदिनीहून चुनखडी येते, झोतभट्टीत सगळं वितळतं आणि पलीकडून रेल्वेचे लांबच लांब रूळ बाहेर पडतात. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. भट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवाळी असो, होळी असो, धो धो पाऊस असो, पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, भट्टी चालूच.

असाच एक कारखाना तुमच्याही पोटात आहे. उजव्या बरगड्यांच्या आत, छातीच्या पडद्याला अगदी चिकटून. त्याचं नाव यकृत. घरात सगळे त्याला लिव्हरच म्हणतात, आपणही तेच म्हणू. मोठ्या माणसाचं लिव्हर सव्वा ते दीड किलो भरतं आणि त्यातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. त्याला माल पुरवणारी मुख्य लाइन म्हणजे पोर्टल व्हेन नावाची जाडजूड शीर. तुम्ही खाल्लेल्या पोळीतली साखर, वरणातली प्रथिनं, सगळं आतड्यांतून शोषलं जातं आणि आधी या लाइनीवरून लिव्हरमध्ये येतं. प्राणवायूने भरलेलं रक्त आणणारी रोहिणी वेगळी. आत साखर साठवली जाते, रक्त गोठायला लागणारे घटक तयार होतात, अमोनियासारखं विष निकामी केलं जातं. शास्त्रज्ञांनी लिव्हरची पाचशेच्या वर कामं मोजली आहेत. तयार माल वरच्या शिरांतून हृदयाकडे रवाना होतो. आणि भट्टीतून जसा स्लॅग, म्हणजे मळी, निघतो, तसं इथून हिरवट-पिवळं पित्त निघतं. स्लॅग आपण फेकत नाही, शेजारी जामुलला त्याचं सिमेंट होतं. शरीरही पित्त फुकट घालवत नाही. ते नळीतून आतड्यात जातं आणि तूप-तेल पचवायला मदत करतं.

आता कल्पना करा. कुणी येऊन म्हणालं, हा चालू कारखाना मधोमध कापायचा. अर्धा भाग उचलून दुसऱ्या ठिकाणी बसवायचा आणि तो तिथे त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे. इथे उरलेला अर्धा एक मिनिटसुद्धा बंद पडता कामा नये. वर तीन महिन्यांत दोन्ही अर्धे वाढून जवळजवळ पूर्ण कारखान्याएवढे झाले पाहिजेत! प्लांटमधले कुठलेही इंजिनियर काका हात जोडतील. पण माणसाच्या पोटात हे होतं, आणि आपल्या देशात जवळजवळ रोज होतं.

कुणाचं तरी लिव्हर पूर्ण निकामी होतं. मग त्याच्या घरातलं कुणी, आई, बाबा, बहीण, मुलगा, स्वतःच्या लिव्हरचा एक भाग काढून देतं. देणारा तो डोनर, म्हणजे दाता. मेंदूमृत माणसाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला, तर त्याचंही लिव्हर बसवता येतं. पण असे होकार आपल्याकडे फार थोडे मिळतात, त्यामुळे भारतातली बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या जोरावर होतात. या दात्यांमध्ये पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच, तरी काका, मामा आणि दादांनीही पुढे यायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

या लेखातली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती म्हणजे हा दाता. का, ते सांगते. इस्पितळात ऑपरेशनसाठी येणारा प्रत्येक जण काहीतरी दुखतंय म्हणून येतो. कुणाचं अपेंडिक्स सुजलेलं असतं, कुणाचं हाड मोडलेलं असतं. ऑपरेशन झालं की त्याचं दुखणं कमी होतं. दात्याला मात्र काहीच झालेलं नसतं. तो ठणठणीत असतो, तपासण्यांमध्ये सगळ्यात ठणठणीत निघाला म्हणूनच तर त्याची निवड होते. आणि तरीही तो टेबलावर झोपतो, दुसऱ्यासाठी. अशा माणसाला जितकं कमी कापावं, जितकं कमी दुखवावं, तितकं बरं, नाही का?

जुन्या पद्धतीत दात्याच्या पोटावर, उजव्या बरगड्यांच्या खालून, वीत-दीड वीत लांबीचा चिरा द्यावा लागायचा. अजूनही पुष्कळ ठिकाणी देतात, आणि कुशल हातांत ती पद्धतही चांगली आहे. पण या चिऱ्यात पोटाचे स्नायू कापले जातात. मग खोकलं तर दुखतं, हसलं तर दुखतं, खोल श्वास घेतला तरी दुखतं. प्लांटमध्ये जड काम करणाऱ्या बाबांना किंवा कडेवर बाळ घेणाऱ्या आईला पोटाचे स्नायू किती लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून डॉक्टरांना वाटलं, हेच काम दुर्बिणीतून करता येईल का?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. भिलाईच्या सेक्टर नाइनमधल्या इस्पितळात तुमच्या एखाद्या काकूंचं पित्ताशय तशा पद्धतीनं काढलंही असेल. जर्मनीत एरिख म्यूहे नावाच्या सर्जननं १९८५ साली पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांची चेष्टा केली. पुढे त्याच मंडळींनी त्यांचा सन्मान केला. आपल्याकडे डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचं सरकारी रुग्णालय. नवं तंत्र तिथून सुरू झालं याचा मला फार आनंद वाटतो.

पित्ताशय तर लिव्हरला खालून चिकटलेलंच असतं. मग दुर्बीण पित्ताशयापर्यंत पोचल्यावर दात्याच्या लिव्हरपर्यंत लगेच का नाही पोचली?

कारण डॉक्टर घाबरत होते, आणि ते घाबरले हे चांगलंच झालं. लिव्हर रक्तानं भरलेलं असतं. उघड्या पोटात शीर फुटली तर सर्जन चटकन बोटानं दाबून धरतो. दुर्बिणीत बोट नसतं, लांब दांड्याची हत्यारं असतात. आजारी माणसासाठी कधी थोडा धोका पत्करावा लागतो, पण निरोगी दात्यावर नवं काही करून पाहायचं, तर आधी शंभरदा विचार करायला हवा. म्हणून पहिलं पाऊल अगदी छोटं टाकलं गेलं. २००२ च्या सुमारास फ्रान्समध्ये डॉ. डॅनियल शेर्की यांच्या तुकडीनं दुर्बिणीतून लिव्हरच्या डाव्या टोकाचा तुकडा काढला. लहान बाळाला एवढा तुकडा पुरतो. मोठ्या माणसाला मोठा, उजवीकडचा भाग लागतो आणि त्याचं वजन लिव्हरच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतं. तो २००६ च्या सुमारास शिकागोत थोडा दुर्बिणीतून आणि थोडा लहान छेदातून काढला गेला. संपूर्ण काम दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या हातांनी व्हायला २०१२-१३ उजाडलं. आज कोरियातल्या सोलमध्ये, सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये हे नेहमीचं झालं आहे. आपल्याकडे कोचीच्या अमृता रुग्णालयात रोबोटच्या मदतीनं दात्यांचे उजवे भाग काढले जातात, आणि भारतातल्या इतर काही मोठ्या केंद्रांतही दुर्बीण वापरतात.

चला, आता ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ. दोन थिएटरं शेजारी शेजारी आहेत. एकात दाता, दुसऱ्यात लिव्हर घेणारा. आपण दात्याकडे थांबू.

भूलतज्ज्ञांनी त्याला गाढ झोपवलं आहे. सर्जन पोटावर अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची चार-पाच भोकं पाडतात. त्यातल्या एकातून कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू आत सोडतात, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही, आणि आत विजेवर चालणारी हत्यारं वापरायची असतात. शिवाय तो रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. एका भोकातून कॅमेरा जातो आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर लिव्हर दिसू लागतं. गडद तपकिरी-लाल, गुळगुळीत, चकाकणारं. कॅमेरा इतका जवळ जाऊ शकतो की उघड्या पोटात डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक शीरसुद्धा पडद्यावर ठळक दिसते.

आता मोठा प्रश्न. कापायचं कुठून? लिव्हरवर वरून एक खाच दिसते, पण ती खरी हद्द नव्हे. खरी हद्द वरून दिसतच नाही. ती शोधली जेम्स कँटली या स्कॉटिश डॉक्टरनं, हाँगकाँगमध्ये, १८९७ च्या सुमारास. एका मृत माणसाचं लिव्हर तपासताना त्याला उजवा भाग सुकलेला आणि डावा फुगलेला दिसला. दोन्ही भाग जिथे भिडत होते, ती रेघ पित्ताशयापासून मागच्या मोठ्या शिरेकडे जात होती. त्याच्या लक्षात आलं की उजव्या आणि डाव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या फांद्या वेगवेगळ्या आहेत. पुढे क्लोद क्विनो या फ्रेंच डॉक्टरनं आणखी खोलात जाऊन पाहिलं. मृतदेहांतल्या लिव्हरच्या शिरांमध्ये तो पातळ प्लास्टिक भरायचा. ते घट्ट झालं की आजूबाजूचं मांस रसायनानं विरघळवून टाकायचा. उरायचं ते फक्त शिरांचं रंगीत झाड, प्रत्येक फांदी जागच्या जागी! त्यावरून १९५७ मध्ये त्यानं दाखवून दिलं की लिव्हरचे आठ खंड आहेत आणि प्रत्येक खंडाला स्वतःची फांदी आहे. आज जगातला प्रत्येक लिव्हर सर्जन हेच आठ आकडे वापरतो. मला विचाराल तर क्विनोची ती झाडं या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर वस्तू आहे.

इकडे थिएटरमध्ये पडद्याकडे बघत सर्जन उजव्या भागाकडे जाणारी रोहिणी आणि पोर्टल व्हेनची उजवी फांदी चिमट्यानं क्षणभर दाबतात. बघता बघता उजवा भाग काळपट पडतो, डावा लालच राहतो. न दिसणारी रेघ आपोआप उमटते. मग शिरेतून आयसीजी नावाचं हिरवं औषध देतात आणि कॅमेरा विशिष्ट प्रकाशावर घेतात. ज्या भागात रक्त जातंय तो पडद्यावर हिरवा चमकतो, दाबून धरलेला अंधारात राहतो. हे औषध लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं, त्यामुळे थोड्या वेळानं पित्ताच्या नळ्यासुद्धा चमकू लागतात. नळी नेमकी कुठे कापायची, हा या ऑपरेशनमधला सगळ्यात नाजूक निर्णय असतो. थोडं इकडे झालं तर दात्याच्या उरलेल्या लिव्हरचं पित्त अडेल, थोडं तिकडे झालं तर नव्या घरी जोडायला नळीच पुरणार नाही. त्या वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही.

मग कापणं. सुरीनं नव्हे हं! एक पेनासारखं हत्यार असतं, त्याचं टोक सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं. लिव्हरच्या पेशी पाणीदार आणि मऊ असतात, त्या सुटून बाजूला होतात आणि हत्यार त्यांना लगेच शोषून घेतं. शिरा आणि नळ्या चिवट असतात, त्या तशाच तारांसारख्या उघड्या राहतात. एकेक तार चिमटीनं बंद करायची आणि मग कापायची. पुन्हा थरथर, पुन्हा तार. हे काम तासन् तास चालतं. घाई केली की रक्त येतं.

शेवटी काढायचा भाग दोन-तीन मोठ्या शिरांवरच उरतो. आता हा अर्ध्या किलोहून जास्त वजनाचा तुकडा बाहेर कसा काढायचा? चिमुकल्या भोकांतून तर येणार नाही. त्यासाठी ओटीपोटावर, अगदी खाली, सुमारे दहा सेंटिमीटरचा आडवा छेद देतात. बाळंतपणाच्या सिझेरियनला देतात तोच. तिथे वरच्या पोटाचे स्नायू कापावे लागत नाहीत आणि व्रण कपड्याखाली झाकला जातो. तुकडा आतच पिशवीत सरकवतात, शिरा बंद करून कापतात आणि झपाट्यानं बाहेर घेतात. बाहेर बर्फाचं भांडं तयार असतं. थंडगार द्रावण शिरांतून सोडून आतलं रक्त धुऊन काढतात, कारण गार पडलेल्या पेशींना प्राणवायू कमी लागतो. आणि थोड्याच वेळात शेजारच्या थिएटरचं दार उघडतं.

मध्येच रक्त थांबेना, नळी नीट दिसेना, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून सरळ मोठा छेद घेतात. ते हरणं मुळीच नाही. मी तर म्हणेन, असा निर्णय वेळेवर घेणाराच खरा चांगला सर्जन. धोका संपलेला नाही हेही तुम्हाला ठाऊक असायला हवं. उजवा भाग देणाऱ्या हजार दात्यांपैकी दोन ते पाच जण दगावू शकतात, असा जगभरचा अंदाज आहे. म्हणूनच तपासण्या इतक्या कडक असतात. सीटी स्कॅनवर लिव्हर मोजतात आणि दात्याकडे किमान तीस-पस्तीस टक्के उरणार असेल तरच पुढे जातात. लिव्हरमध्ये चरबी सापडली तर वजन कमी करून या, मग बघू, असं सांगतात.

आणि तुम्ही? तुम्हाला तुमच्या आजीला किंवा बाबांना लिव्हर देता येईल का? नाही. १९९४ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांना जिवंतपणी अवयव देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण एक मुलगी होती. केरळमधली, सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी. तिच्या बाबांचं लिव्हर निकामी झालं आणि घरात जुळणारं दुसरं कुणीच मिळालं नाही. ती थेट उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं तिला खास परवानगी दिली. लिव्हरमध्ये थोडी चरबी होती म्हणून तिनं खाणं बदललं, व्यायाम केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांना आपल्या लिव्हरचा भाग दिला. तिच्याबद्दल वाचताना माझे डोळे भरून आले होते.

आता कारखाना वाढण्याची गोष्ट. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर काढून पाहिलं. आठवडा-दीड आठवड्यात वजन पहिल्याइतकं झालं! माणसाला जास्त वेळ लागतो, तरी दोन-तीन महिन्यांत दात्याचं लिव्हर मूळच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतं. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही बरं का. जो उरला, तोच फुगत जातो. त्यामुळे आकार पहिल्यासारखा होत नाही, काम मात्र होतं. वाढ सुरू होण्याचं एक कारण साधं आहे. पूर्वी सगळ्या लिव्हरला वाटून जाणारं पोर्टल व्हेनचं रक्त आता अर्ध्यातच घुसतं. त्या दाबानं आणि रक्तातल्या संदेशांनी एरवी शांत बसलेल्या पेशी दुभंगू लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. शरीराला पुरेल एवढं झालं की थांबतात. कुठे थांबायचं हे त्यांना नेमकं कसं कळतं, ते कोडं शास्त्रज्ञ अजून सोडवत आहेत.

लहान बाळात ही वाढ आणखी मजेदार असते. भारतात पहिलं यशस्वी जिवंत दात्याचं लिव्हर प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं. कांचीपुरमचा मुलगा, दोन वर्षंही पूर्ण न झालेला. त्याच्या बाबांनी लिव्हरचा तुकडा दिला. तो तुकडा मुलाबरोबर वाढत गेला, मुलगा शाळेत गेला, कॉलेजात गेला आणि डॉक्टर झाला. त्याला जन्मतः पित्ताच्या नळ्या बंद होण्याचा आजार होता. या आजारात बाळाची कावीळ दोन आठवडे उलटले तरी जात नाही आणि शी पिवळी होण्याऐवजी पांढुरकी, मातीसारखी होते. पहिल्या दोन महिन्यांच्या आत ओळखलं तर नळ्यांवरचं एक ऑपरेशन करून पुष्कळदा प्रत्यारोपण टाळता किंवा लांबवता येतं. तेव्हा घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल आणि लंगोट बदलताना पांढुरकी शी दिसली, तर लगेच आईला सांगा आणि त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्यायला लावा.